चादरीमागची मिस पर्डन

१

मिस हेस्टर पर्डनला मूठमाती देऊन आम्ही तिच्या घरी परतलो. तिच्या खोलीत भिंतीवर तिचं तैलचित्र होतं. तिची मोलकरीण पेग हेहिरने त्यावरची चादर ओढली आणि अशी किंचाळली की खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल. चौकट जागेवर होती. चित्र नव्हतं. कडेला कापलेल्या कॅनव्हासच्या चिंध्या लोंबत होत्या आणि मधून भिंत दिसत होती.

"अरे देवा! बाईसाहेब गेल्या कुठे?" पेग म्हणाली.

जिला आत्ताच पुरून आलो तिच्याबद्दल हा प्रश्न. पण हसायचं कुणाला सुचलं नाही.

मी डॉक्टर अँब्रोझ लॅफन. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या या किनाऱ्यावर, किलमोरन गावात, अर्धं आयुष्य लोकांच्या जिभा बघण्यात घालवलंय. लोक मला तुसडा म्हणतात. खरं आहे ते. या गावात ज्याच्याशी गोड वागावं असं एकच माणूस होतं, आणि तिला आम्ही नुकतंच मातीत ठेवलं होतं.

हेस्टर पुस्तकं लिहायची, त्यांतली चित्रंही स्वतःच काढायची, आणि दोन्हींतून जमीनदारांची सालटी सोलायची. स्वतः जमीनदाराची मुलगी असून! हे तैलचित्रही तिनेच काढलेलं. मधोमध ती बसलेली, हातात पेन्सिल, नजर थेट बघणाऱ्यावर. उजवीकडे नुसती मोकळी, पिवळट भिंत. आणि डावीकडे, तिच्या खांद्यामागे, फळीवर लावलेलं एक रेखाटन: किलमोरनच्या कुळांची घरं पाडली जातायत, बायकामुलं चिखलात उभी आहेत, आणि घोड्यावर बसून ते सगळं बघणारा माणूस म्हणजे तिचा सख्खा भाऊ, हेन्री पर्डन. भाऊ वारला, पण चित्र भिंतीवर राहिलं. आता ते डब्लिनच्या एका चित्रदालनात जायचं होतं, चार लोकांसमोर टांगायला.

म्हणजे ते नाहीसं व्हावं असं कुणाला वाटत असेल, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तो शेजारीच उभा होता. हेन्रीचा मुलगा, जॉफ्री पर्डन. टेकडीवरच्या हवेलीचा मालक, या भागाचा मॅजिस्ट्रेट, आणि बापाच्या पावलावर पाऊल टाकून गेल्या हिवाळ्यात पुन्हा घरं पाडणारा. अंत्ययात्रेत त्याला कुणी दगड मारू नये म्हणून पोलिसांचा हेड कॉन्स्टेबल स्ट्रिच मुद्दाम सोबत चालत आला होता.

"स्ट्रिच," जॉफ्री शांतपणे म्हणाला, "या बाईला विचारा, चादर कधी टाकली?"

"बाईसाहेबांचा जीव गेला तेव्हाच," पेग म्हणाली. "डॉक्टरसाहेब होते ना समोर. मी घड्याळ थांबवलं, पडद्याआडूनच खिडकी उघडली, आरसा झाकला, मग चित्र झाकलं. नेहमी करतात तसं."

"त्यानंतर खोलीत एकटं कोण होतं?" स्ट्रिचने विचारलं.

"कुणीच नाही. मयताला एकटं ठेवतात का कधी? पहिल्यापासून शेवटपर्यंत मी इथेच, या खुर्चीवर. अख्खं गाव येऊन गेलं. चादरीला कुणी बोट लावलं नाही. लावू दिलं असतं का मी?"

जॉफ्री हसला. "ऐकलंत? चादर हिने टाकली. जागची ही हलली नाही. कुणी हात लावला नाही, हेही हीच सांगते. मग चित्र कुणी नेलं?"

खरं बोलून बोलून बिचाऱ्या पेगने स्वतःच्याच गळ्यात दोर अडकवून घेतला होता.

"वॉरंटवर मी स्वतः सही करतो," जॉफ्री म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीने हिला एनिसच्या तुरुंगात पाठवा."

२

मी स्ट्रिचला जिन्यात गाठलं.

"गाडी येईपर्यंत तिला स्वयंपाकघरात राहू दे. पळून जाणार कुठे? तिचे गुडघे मी बघितलेत."

"डॉक्टर, मला ह्यात ओढू नका," स्ट्रिच कुजबुजला. "मॅजिस्ट्रेट आहे तो. माझी बदली अशा ठिकाणी करेल की बटाटासुद्धा मिळायचा नाही."

"तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला मी वादळात आलो होतो. तेव्हा मी म्हणालो होतो का, मला ह्यात ओढू नका?"

त्याने मान डोलावली आणि वाट दिली. मी खाली गेलो.

पेग चुलीपाशी बसली होती. आत पीटच्या, दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, ढेपा धुमसत होत्या, टेबलावर मयताच्या जागरणातल्या चिलमी आणि तंबाखूची बशी तशीच पडलेली. मला बघून ती उठली नाही. एरवी उठायची.

"तुम्हालाही वाटतं का, मी घेतलं?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. त्या दिवशीचं सांग. सकाळपासून."

"सकाळी बाईसाहेब खुशीत होत्या. उद्या चित्र डब्लिनला जाणार म्हणून. मी चहा घेऊन गेले तर भिंतीसमोर खुर्ची ओढून, चित्र न उतरवताच रंगवत बसलेल्या. म्हटलं, आता आणखी काय राहिलंय त्यात? तर म्हणाल्या, एक माणूस राहिलाय, पेग. त्या घोड्याच्या आसपास हिरवा रंग लावत होत्या. कोण माणूस, विचारलं. म्हणाल्या, डब्लिनला टांगलं की बघशील. आणि मला हाकलली. त्यांच्या कामात डोकावलेलं त्यांना खपत नसे."

मला आठवलं. मी नाडी बघायला तिचा हात धरला तेव्हा बोटांना ओला हिरवा रंग होता. माझ्या बाहीच्या कफला अजून त्याचा डाग आहे.

"मग?"

"मग धप्पकन आवाज आला. वर गेले तर खाली पडलेल्या. तोंड वाकडं, बोलता येईना. कशीबशी पलंगावर घातलं, उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून पडदा ओढला, आणि तुमच्याकडे पळत सुटले. दार उघडंच टाकून." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकट्याच होत्या हो त्या. मी जाऊन येईपर्यंत अगदी एकट्या."

आम्ही परतलो तेव्हा हेस्टर जिवंत होती. हात-पाय, जीभ, सगळं गेलेलं. फक्त डोळे शाबूत. आणि ते डोळे माझ्याकडे बघेनात. माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे लागलेले, रागाने नुसते जळत होते. मला वाटलं, बाईला स्वतःचं चित्र शेवटचं बघायचंय. अंधाऱ्या खोलीत मी तिच्यावर वाकलेला, मागे वळून बघायला फुरसत कुणाला? थोड्याच वेळात ते डोळे मीच मिटले.

"पेग, त्या चादरीवरून तुझ्याशी कुणाचं भांडण झालं का?"

"जॉफ्रीसाहेबांचं. जागरणाला आले तेव्हा. दारातूनच चादरीकडे बघितलं आणि कावऱ्याबावऱ्यासारखे उभेच राहिले. मग विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमची पद्धत आहे, तुमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये शिकवत नसतील. तर चक्क हसले! अशा वेळी!"

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण काय ते पकडता येईना.

३

डब्लिनहून चित्र न्यायला आलेला कार्मोडी बैठकीत बसून नखं कुरतडत होता. गोरापान, मऊ, छान कपड्यांचा माणूस. मला असली माणसं बघवत नाहीत.

"चौकशी तुम्ही करताय? तुम्ही डॉक्टर ना?"

"मेल्यानंतर माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून जिवंतांना विचारतोय. तुम्ही जागरणाला त्या चित्राच्या अगदी शेजारी बसला होता."

"मग? मला ते चित्र दालनात टांगायचंय! चिंध्या करून खिशात घालायचं नाही!" तो तडकला. "उद्या रिकाम्या हाताने गेलो तर माझी नोकरी राहणार नाही. आणि तुमच्या त्या घाणेरड्या खाणावळीत जागा नव्हती, म्हणून मला उतरावं कुठे लागलं? मिस्टर पर्डनच्या हवेलीत! रोज सकाळी त्यांचे टोमणे ऐकत अंडी गिळतोय मी."

"चित्र कधी निघणार हे त्यांना ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं. मिस पर्डन गेल्या त्याच सकाळी, नाश्त्याला. म्हटलं, उद्या घेऊन जातो, बाई आज त्यावर शेवटचा हात फिरवतायत."

"त्यावर ते काय म्हणाले?"

"काही नाही. घोडे बघून येतो म्हणाले आणि उठले. लोणीसुद्धा लावलं नव्हतं पावाला."

"परत कधी आले?"

"मी सूप पीत होतो तेव्हा. मिस पर्डन गेल्याची बातमी नंतर आली." कार्मोडी थांबला. त्याच्या लक्षात आलं. "पण डॉक्टर, त्याने काय होतं? चित्र तर त्यानंतर गेलं. चादर टाकली तेव्हा ते तिथेच होतं. असणारच, नाहीतर पेगला दिसलं नसतं?"

मी उठलो आणि जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेलो.

"पेग! वर चल. तू चित्र कसं झाकलंस ते मला करून दाखव."

"आत्ता? घोडागाडी दारात यायची वेळ झाली..."

"चल म्हणतो ना!"

गुडघ्यांना शिव्या देत ती वर आली. चादर उचलली, दोन्ही टोकं धरून हात वर केले, आणि तोंड पूर्ण दाराकडे फिरवून, डोळे घट्ट मिटून ती चौकटीवर भिरकावली. हातांनीच चाचपून नीट केली. मग डोळे उघडले.

मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझ्या आईला, आजीला मी हेच करताना पाहिलं होतं. मेलेल्या माणसाची तसबीर उघड्या डोळ्यांनी झाकायची नाही. तिच्याशी नजरानजर झाली की घरातलं आणखी एक माणूस ओढून नेते म्हणतात. किलमोरनमध्ये पाळण्यातलं पोर सोडून सगळ्यांना हे माहीत आहे. इतकं माहीत आहे की कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"पेग," मी म्हणालो, "तू झाकलंस ते काय होतं?"

ती चौकटीकडे बघत राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली.

"रिकामी भिंत?" ती पुटपुटली. "अख्खं गाव रिकाम्या भिंतीसमोर बसून रडलं?"

४

चित्र हेस्टरच्या मरणानंतर गेलंच नव्हतं. आधी गेलं होतं. पेग माझ्याकडे धावत असताना, उघड्या दारातून, पलंगावरच्या त्या दोन जळत्या डोळ्यांदेखत. ती चित्राकडे बघत नव्हती, चित्र नसल्याकडे बघत होती. आणि मी ढिम्म तिच्यासमोर वाकून उभा.

कुणी नेलं हेही कळलं होतं: चादर बघून ज्याला आधी धक्का बसला आणि मग हसू आलं, त्याने. पण सिद्ध कसं करणार? कार्मोडीच्या सुपावर कुठलाही न्यायाधीश हसला असता, आणि इथला न्यायाधीश तर चोर स्वतःच होता. म्हणून मी माझा तुसडेपणा कामाला लावायचं ठरवलं. तेवढं एक मला उत्तम जमतं.

दारात गाडी आली. जॉफ्री खाली दिवाणखान्यात वॉरंटवर सही करून शाई वाळवत होता. स्ट्रिच आणि कार्मोडी तिथेच होते. पेग दारापाशी शाल घेऊन उभी राहिली.

"पर्डनसाहेब," मी म्हणालो, "एवढा आटापिटा कशाला? आत्याचं तोंड तुम्ही किती वर्षांत पाहिलं नव्हतं?"

"माझ्या वडिलांच्या अंत्यविधीपासून. जागरणाला आलो तोपर्यंत या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"म्हणूनच म्हणतो. त्या चित्रात होतं कोण? तुमचे वडील. माणूस दुष्ट खरा, पण घोड्यावर शोभायचा. तुमचं काय त्यात? हेस्टर मला नेहमी म्हणायची, जॉफ्रीला काढायला रंग कशाला वाया घालवू? बापाने घरं पाडली ती निदान समोर उभं राहून. हा खिडकीतून दुर्बिणीने बघतो."

त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. "तोंड सांभाळा, लॅफन."

"का? तुमच्याबद्दल ती एवढंच बोलली. चिडलीसुद्धा नाही. चिडायलाही माणूस लागतो. डब्लिनला लोक ते चित्र बघतील आणि विचारतील, हेन्री पर्डनला मुलगा नव्हता का? कुणीतरी सांगेल, होता म्हणे एक, पण बाईने त्याला चित्रात घेण्याइतकाही..."

"घेतलं होतं!" जॉफ्री ओरडला. टेबलावर त्याची मूठ आदळली आणि शाईची दौत पालथी झाली. "घेतलं होतं त्या थेरडीने! वडिलांच्या घोड्याची रिकीब धरून उभा केला होता मला! नोकरासारखा! माझा हिरवा शिकारीचा कोट घालून! आणि तुम्ही म्हणता..."

तो थांबला.

"हिरवा कोट," मी म्हणालो. "मला एवढंच माहीत होतं की तिच्या बोटांना हिरवा रंग होता. पेगला एवढंच माहीत होतं की कुणीतरी एक माणूस काढायचा राहिलाय. तो माणूस हेस्टरने त्या सकाळी काढला. काढून झाल्यावर कोसळली. त्यानंतर ते चित्र कुणाच्याही नजरेला पडलेलं नाही. तुम्हाला तुमचा कोट कुठे दिसला, साहेब?"

"गावात... कुणीतरी बोललं असेल."

"कोण? मेलेली बाई?"

जॉफ्रीने स्ट्रिचकडे पाहिलं. एरवी त्या नजरेने स्ट्रिच टाचा जुळवायचा. या वेळी त्याने टेबलावरचं शाईने भिजलेलं वॉरंट उचललं, दोन बोटांत धरून निथळवलं आणि शेकोटीत टाकलं.

"हवेलीवर जाऊया, साहेब," तो म्हणाला. "गाडी आलेलीच आहे."

५

कॅनव्हास हवेलीतच होता, त्याच्या वडिलांच्या खोगिराखालच्या पेटीत. जॉफ्रीने स्वतःच काढून दिला. कोटाच्या आत लपवून आणायला त्याने तो मधोमध दुमडला होता, चित्राची बाजू आत करून. तेव्हापासून तो तसाच दाबून पडलेला.

"जाळला का नाहीत?" कार्मोडीने विचारलं.

"वडिलांचं दुसरं चित्र नाही," जॉफ्री म्हणाला. त्या दिवशी त्याने बोललेलं हे एकच वाक्य मला खरं वाटलं. पण मला त्याची दया आली नाही.

"मला एकच सांगा," मी म्हणालो. "तुम्ही खोलीत शिरलात तेव्हा ती जिवंत होती. तुम्हाला दिसलं होतं ते."

तो पेटीचं झाकण लावत राहिला.

"तोंड वाकडं झालेलं, हात लुळा पडलेला. कुणालाही कळलं असतं. हाक मारली असती, डोकं उचलून उशी सारखी केली असती, हात धरून बसला असता, तरी ती वाचली नसती कदाचित. पण तेवढा वेळ एकटी नसती पडली. तुम्ही चाकू काढलात. ती तुमच्याकडे बघत होती का, पर्डन?"

"सारखी," तो म्हणाला. "डोळे हलवतच नव्हती."

पेग इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली. मला वाटलं, थोबाडीत देते की काय. पण तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. टेबलावरचा कॅनव्हास घेतला आणि सावकाश उलगडला. दुमडीपाशी चिकटलेला होता, चर्र आवाज झाला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. मालकिणीकडे सरळ बघत राहिली.

हेस्टर मधोमध बसली होती, पेन्सिल हातात, नजर आमच्यावर. दुमड थेट तिच्या चेहऱ्यावरून गेली होती, पण ओठ तेच, तुसडे. डावीकडे फळीवर पडणारी घरं, घोड्यावर हेन्री, आणि रिकीब धरून उभा, हिरव्या कोटातला जॉफ्री. अगदी हुबेहूब. खाली झुकलेली मान, बापाच्या बुटाशी गाल.

आणि उजवीकडे त्या मोकळ्या, पिवळट भिंतीवरही तो होता.

दुमडताना ओला रंग पलीकडे उमटला होता. घोडा नाही, हेन्री नाही, घरं नाहीत. ते सगळं जुनं, वाळलेलं होतं. उमटला होता तो फक्त त्या सकाळचा ओला माणूस. उलटा, थोडा फिसकटलेला, एकटाच, कशाला तरी धरून उभा असल्यासारखा हात पुढे करून. धरायला समोर काहीच नव्हतं.

कार्मोडी वाकून बघत होता. "हे पुसता येईल," तो पुटपुटला. "डब्लिनला आमच्याकडे एक कारागीर आहे..."

"खबरदार," मी म्हणालो.

जॉफ्रीने तोंड फिरवलं. स्ट्रिच त्याच्या दंडाला धरून दाराकडे घेऊन निघाला, तर पेग म्हणाली, "थांबा. बघून जाऊ दे त्यांना."

त्याने पाहिलं. बघावंच लागलं.

"बाईसाहेबांनी तुम्हाला एकदाच काढलं होतं," पेग म्हणाली. "दुसऱ्यांदा तुमचे तुम्हीच काढलंत."

मग तिने कॅनव्हास न दुमडता, दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि गाडीकडे चालू लागली. मी दार धरून उभा राहिलो.